वरच्या तीन ओळी

साहेबांना पसारा आवडत नाही म्हणून मी तीन ओळी पुसल्या. माझं कर्तृत्व एवढंच. पण त्यापायी माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीला वकिलाची नोटीस गेली, आणि पाठवली ती माझ्याच कंपनीने.

आमची कंपनी दवाखान्यांना टोकनचं सॉफ्टवेअर विकते. डॉक्टरांकडे पुढे कोणी जायचं हे ठरवणारा त्यातला कोड मात्र ताईचा. तिने तो केव्हाच इंटरनेटवर मांडून ठेवलाय. ज्याला हवा त्याने घ्यावा, बदलावा, धंद्यात वापरावा. मीही घेतला. वर तीन ओळी होत्या. पहिलीत तिचं नाव, दुसरीत 'खुशाल फुकट वापरा', तिसरीत 'या ओळी मात्र काढू नका'. साहेब म्हणाले, "फाईल जरा स्वच्छ ठेवत जा." मी स्वच्छ केली. काम झकास चाललं. साहेबांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली, आणि पाठ थोपटली जात असताना मान वळवून खुलासा करणं काही मला जमलं नाही.

ताई दिवसा एका गोदामवाल्यांच्या ऑफिसात प्रोग्रामर. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या डुगडुगत्या टेबलाशी लॅपटॉप उघडते आणि जगाशी भांडते. जग म्हणजे तिचा कोड फुकट वापरणारी मंडळी. कुणी लिहितं, 'दोन दिवस झाले, अजून दुरुस्ती नाही? जबाबदारी म्हणून काही आहे की नाही?' ताई उत्तर धाडते, 'आपले सगळे पैसे परत घेऊन जावेत.' मग त्या माणसाच्या नावाने बोटं मोडत दुरुस्ती करतेच.

"छदाम मिळत नाही, कशाला जीव काढतेस?" भावोजी विचारतात.

"छदाम मिळत नाही म्हणून तर कुणाची टाप नाही मला हुकूम सोडायची. तुम्ही कांदा चिरा."

त्या कोडात रांग मोडून आत सोडायच्या तातडीच्या पेशंटला तिने नाव दिलंय 'आत्याबाई'. आमची आत्या सगळ्यांच्या शेवटी यायची आणि सगळ्यांच्या आधी पानावर बसायची.

कोड मीच लिहिलाय असं समजणाऱ्या साहेबांना तोच इंटरनेटवर दिसला आणि चोरीचा वाटला. नोटिशीचा मजकूर असा होता, की आमच्या मालकीचा कोड तुम्ही उघड्यावर मांडलाय. तो काढा, तो आमचाच आहे असं लिहून द्या, नाहीतर कोर्टात भेटू. म्हणजे ताईचं नाव तर जाणारच होतं, शिवाय ज्या लहानसहान दवाखान्यांनी तो फुकट घेतला होता, त्यांच्या दारात उद्या आमची कंपनी बिल घेऊन उभी राहणार होती.

ताईचा फोन आला. "नोटिशीवर तुझ्या कंपनीचं नाव आहे."

"हो का?"

"हो का काय, गाढवा! उद्या येतेय मी."

काचेच्या खोलीत साहेब, वकील आणि मी. ताई आली ती बसलीच नाही. ती माझी बहीण आहे हे साहेबांना ठाऊक नव्हतं. सांगायला मी योग्य वेळेची वाट बघत होतो.

"हा कोड लिहिला कुणी?" ताईने विचारलं.

"आमच्या यांनी." साहेबांनी अभिमानाने माझ्याकडे बोट केलं.

"मग यांनाच विचारा, त्यातली आत्याबाई कोण."

साहेब माझ्याकडे वळले. "कोण हो?"

तोंडातून खरं तेच निघालं. "माझी आत्या."

वकिलांनी टेबलावर थाप मारली. "झालं! आत्यासुद्धा यांचीच!"

"आत्या दोघांची आहे," ताई म्हणाली. "हा माझा धाकटा भाऊ. दुर्दैवाने."

साहेबांनी आवाजात साखर घातली. "अहो, मग घरचीच गोष्ट झाली की! बाई, आकडा सांगा, नाव सोडा, विषय मिटवू."

"फुकटच तर आहे. विकत कशाला घेताय? माझं नाव तेवढं ठेवा."

"फुकटच द्यायचंय तर नावाचा एवढा सोस कशाला?"

"दारावर तुमच्या नावाची पाटी आहे. तिचं भाडं देतं का कुणी तुम्हाला? मग काढा की ती."

साहेबांची साखर संपली. वकील माझ्यावर उखडले. "तुम्ही लिहिलात की नाही? आणि तोंड उघडण्याआधी आपली नोकरी आठवा!"

मी नोकरी आठवली. घराचा हप्ता आठवला. ताई माझ्याकडे बघत होती. लहानपणी तिची सायकल मी नाल्यात घातली तेव्हा अशीच बघत होती. तेव्हा मी शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर ढकललं होतं. इथे कुत्रं नव्हतं.

"हिने लिहिलाय," मी म्हणालो. "वरच्या ओळी मी पुसल्या."

"नालायक माणूस!" साहेब ओरडले.

"ओ, त्याला नालायक म्हणायचा हक्क माझा," ताई म्हणाली. "तुम्ही नोटीस मागे घ्या."

दातओठ खात घेतली. माझी नोकरी राहिली, पण थोपटलेली पाठ साहेबांनी सव्याज वसूल केली. येताजाता 'आत्याबाईंचे भाचे' म्हणून हाक मारतात.

संध्याकाळी लॅपटॉप खांद्याला लावून ताईकडे गेलो. भावोजींनी दार उघडलं, माझ्याकडे दयेने पाहिलं आणि कांद्याकडे परतले. ताई टेबलाशी बसून कुणाला तरी पैसे परत देत होती.

"ताई," मी उंबऱ्यातूनच म्हणालो, "मी शेवटी खरं बोललो की नाही? आता तरी राग गेला ना?"

तिने मान वर केली नाही.

"आधी त्या तीन ओळी परत घाल, मग बूट काढ."