प्रगतीचे गुण

हायस्कुलात गिटार शिकवून सरांचे कान किटले होते. त्याच तीन-चार कॉर्ड, त्याच सैल तारा, आणि दर वर्षी तेच एक गाणं, ज्याची चाल त्यांना आता स्वप्नातही नको असायची. पण त्यांच्या खऱ्या अर्थाने नाकी नऊ आणले होते ते परीक्षेने.

परीक्षेची रीत मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, घालून दिली होती. वर्षाच्या सुरुवातीला एक चाचणी, शेवटी एक. दोन्हींच्या गुणांत जेवढा फरक, तेवढी प्रगती. गिटारी कमी आणि मुलं जास्त, म्हणून ज्याची प्रगती सगळ्यांत कमी त्याने पुढच्या वर्षी जागा मोकळी करायची. ऐकायला रीत गोंडस होती. मुलांनी मात्र तिची नस बरोबर ओळखली. पहिल्या चाचणीला अख्खा वर्ग असा काही वाजवायचा की गिटारीचीच कीव यावी. घरी तासन्‌तास वाजवणारे बहाद्दर सरांसमोर साधी कॉर्ड विसरायचे आणि वर्षाअखेरी साळसूदपणे सगळं वाजवून भरघोस प्रगती पदरात पाडून घ्यायचे. सरांना सगळं कळायचं. पूर्वी ते यावरून भांडायचे. आता जे कानावर पडेल त्याचे गुण लिहून मोकळे व्हायचे.

फसली ती एकटी चिमणी. अंगाने एवढीशी, म्हणून वर्गाने ठेवलेलं हे नाव. मामाशेजारी बसून ती लहानपणापासून गिटार शिकली होती, आणि वर्गाची ही युक्ती तिला कुणी सांगितलीच नव्हती. पहिल्या चाचणीला तिने जीव ओतून वाजवलं. कितीतरी वर्षांनी सर खुर्चीत सावरून बसले. दहापैकी नऊ दिले. वर्षाअखेरी ती त्याहून सुरेख वाजवून गेली, तेव्हा दहा. फरक एकाचा. वर्गात सगळ्यांत कमी प्रगती तिची.

सरांनी आजवर कुणासाठी शब्द टाकला नव्हता, तो तिच्यासाठी टाकला. मोठ्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, वर चहाही पाजला. एकीसाठी नियम वाकवला की उद्या सगळे पालक दारात उभे राहतील, असं त्यांचं म्हणणं. अखेर घासाघीस करून एक वर्ष पदरात पडलं, पण यंदा प्रगती दिसलीच पाहिजे, या अटीवर. सरांनी हे चिमणीला सांगितलं तेव्हा त्यांची नजर वर होईना.

"म्हणजे मी आधी वाईट वाजवायला हवं होतं का, सर?" तिने विचारलं.

"तू तुझं नीट वाजव. बाकीचं मी बघतो," सर म्हणाले. बघण्यासारखं त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं, आणि ते तिलाही कळलं असावं.

सुट्टी संपली आणि पुन्हा पहिली चाचणी आली. मुलं एकेक करून आत येत होती आणि ठरल्यासारखी चुकत होती. सर जांभया दाबत गुण लिहीत होते. मग चिमणी आली. तिने गिटार मांडीवर घेतली, बोटं तारांवर अर्धवट टेकवली, आणि कॉर्ड घशात अडकल्यासारखी फुसफुसली. दुसरीही तशीच. मध्येच ती थांबली, चुकीची तार छेडली, पुन्हा सुरू झाली.

सर कान देऊन ऐकत राहिले. चुका अगदी तालात पडत होत्या. खुर्चीखाली तिचा पाय नेमका ठेका धरून होता. तेवढं बिघडवायचं तिला जमलं नव्हतं.

"पुन्हा वाजव, बाळ. मनापासून."

"मनापासूनच वाजवलं, सर."

बाकीची मुलं असं सांगताना हसू दाबायची. ही हसली नाही. सरांना एकदम रडू येईलसं वाटलं, आणि थकवा तर असा आला की पेन उचलवेना. खरे गुण द्यावेत तर पोरीची जागा जाणार. तिचा पाय आता थांबला होता. ती त्यांच्या हाताकडे बघत होती.

सरांनी दहापैकी दोन लिहिले आणि जाता जाता पुढच्याला आत पाठव म्हणून तिला सांगितलं.