राखाडी दिसणारा झगा

झिलईदादांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. हौस म्हणून नव्हे. गाडीला शेवटचा रंग मारायचा तर हवा निवलेली लागते. रस्ता जागा झाला की धूळ उठते, उठलेली धूळ ओल्या रंगावर बसते, आणि ती बसली की मग आपण बसायचं घासत. म्हणून दादा अंधारातच गॅरेजचं शटर वर करायचे, जमिनीवर पाणी मारायचे, नाकाला फडकं बांधायचे आणि स्प्रेगन हातात घ्यायचे. बाकीची मंडळी चहा पिऊन येईपर्यंत एखादं दार, एखादं बॉनेट आरशासारखं होऊन उभं असायचं.

झिलईदादा हे नाव गॅरेजनेच ठेवलेलं. रंगाचे दोन हात पुरतात तिथे हा माणूस तिसरा मारायचा. शेठ वैतागायचे.

“दादा, गिऱ्हाईक ही गाडी रस्त्यावर चालवणार आहे. बैठकीच्या खोलीत नाही ठेवणार.”

“चालवू दे की. पण एखाद्या वेळी पुसताना नीट बघितली तर?”

या ‘तर’पुढे शेठचं काही चालायचं नाही.

असा हा माणूस संध्याकाळी घरी येऊन काय करायचा, तर भिंती बांधायचा. कॉम्प्युटरवर.

त्याचं असं झालं. मुलगी नर्स झाली आणि दूरच्या शहरात इस्पितळात कामाला लागली. मग फोन सुरू झाले. “जेवलीस?” “जेवले. तुम्ही?” “जेवलो.” पुढे दोघंही गप्प. माया भरपूर, विषय एकही नाही. शेवटी मुलगीच कंटाळली. शेठने ऑफिसातून बाद केलेला एक कॉम्प्युटर दादांच्या घरी पडून होता. सुट्टीत आली तेव्हा तिने त्यावर एक गेम टाकून दिला. एक किल्ला, बाहेर शत्रू, आत आपण. खेळणारी माणसं सगळीकडची, खरीखुरी, आपापल्या घरी बसलेली. कानाला हेडफोन लावला की एकमेकांशी बोलताही यायचं.

तिघांची टोळी जमली. मुलगी, दादा आणि दादांची थोरली बहीण आक्का. आक्का तिसऱ्याच गावात कपडे शिवायची. दिवसभर हातात सुई आणि संध्याकाळी तलवार.

लढाईत दादांचं मन रमेना. पण भिंतीला तडा गेला की तो बुजवायचं कामही त्या खेळात होतं. दगड आणायचा, चुना कालवायचा, तडा भरायचा. कोणाला नको असलेलं काम. दादांनी ते धरलं ते सोडलंच नाही. आक्का आणि मुलगी दारावर हाणामारी करायच्या, दादा मागे भिंत सारखी करायचे, आणि हे सगळं चालू असताना मुलगी इस्पितळातल्या गमती सांगायची, आक्का गिऱ्हाइकांच्या वाढत्या कंबरा सांगायची. तास तास बोलणं चालायचं. ‘जेवलीस का’ विचारायचं राहूनच जायचं.

दादांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. त्या भाजी निवडत समोर बसायच्या. “घरच्या भिंतीला ओल आलीय,” त्या म्हणायच्या, “तिथे पण जरा चुना कालवा.”

आता त्या खेळात पोशाखांचं मोठं वेड. तलवार सगळ्यांची सारखीच कापते, पण टोप कोणाचा, चिलखत कोणाचं, यावर सगळा भाव. बहुतेक पोशाख पैसे देऊन मिळायचे. दादा त्यांना हिंग लावून विचारत नसत. “विकत घेतलेली मिरवणूक,” म्हणायचे. पण एक पोशाख असा होता की तो विकतच मिळत नव्हता. मोसमात महिनोन् महिने जो भिंत राखेल त्यालाच तो मिळायचा. चंद्रकांती झगा.

तो दादांना मिळाला.

त्या संध्याकाळी झगा अंगावर आला आणि आक्का हेडफोनमधून किंचाळलीच. “अरे, काय झळकतोय रे! वळ बघू जरा. अगं बाई!” अनोळखी खेळाडू लढाई सोडून भोवती गोळा झाले. कोणी उड्या मारल्या, कोणी मुजरे केले. मुलगी म्हणाली, “बाबा, सगळ्या किल्ल्यात उजेड पडलाय तुमचा.”

दादांनी पडद्यावर बघितलं. त्यांच्या माणसाच्या अंगावर राखाडी रंगाचं एक पोतं होतं.

प्रायमरसारखा राखाडी. त्यात चमक नाही, छटा नाही. त्यांनी पडदा पुसला. चष्मा पुसला. पोतं ते पोतंच. बाद झालेल्या कॉम्प्युटरला हा खेळ झेपत नव्हता, म्हणून मुलीने गेम टाकतानाच ग्राफिक्सची सगळी बटणं अगदी खाली आणून ठेवली होती. ते तिच्या लक्षात राहिलं नव्हतं आणि दादांना माहीतच नव्हतं. लोक खोटं वाखाणत नाहीत एवढं त्यांना कळत होतं. पण ‘मला दिसत नाही’ हे कसं म्हणायचं? आयुष्य चकाकी बघण्यात गेलेलं. दादा नुसते “हं, बरा आहे” म्हणायचे. त्यावर आक्का म्हणायची, “बघा, गर्व म्हणून नाही!”

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सगळ्या जगाला दिसतं आणि ज्याने कमावलं त्यालाच दिसत नाही. वरून खेळाचा नियम असा की मोसम संपला की झगा कायमचा पेटीत जाणार. मग तो परत अंगावर चढत नाही. मोसमाचा महिनाच काय तो उरला होता.

एका रविवारी चुरशीची लढाई लागली. भिंतीला भगदाड पडलं होतं. दादा निम्मं भरून थांबले. समोर बुरुजावर स्वच्छ ऊन पडलेलं दिसलं, आणि त्यांच्यातला रंगारी जागा झाला. रंगाची पारख ट्यूबलाइटखाली करू नये, उन्हात नेऊन करावी, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. भगदाड टाकून ते बुरुज चढले. उन्हात उभे राहिले. पोतंच. मग ते सेटिंगमध्ये शिरले. तिथे ओळीने ‘लो, लो, लो’ लिहिलेलं बघून त्यांना वाटलं, चोर सापडला. सगळ्यांना त्यांनी एका झटक्यात ‘हाय’ करून टाकलं.

कॉम्प्युटरचा पंखा कॉम्प्रेसरसारखा ओरडायला लागला. चित्र थबकलं. पडद्यावर अर्धा ढग, एक कोपर, आणि बाकी काळं.

“बाबा, भगदाड!” मुलगी ओरडली.

“अरे, शत्रू आत आले! तू बुरुजावर काय पुतळा होऊन उभा आहेस?” ही आक्का. “कबुतरं बसतील डोक्यावर! हल की!”

“हलतोय,” दादा म्हणाले. हलत काहीच नव्हतं. चित्र परत हललं तेव्हा किल्ला गेला होता.

“आता खरं सांग,” आक्का म्हणाली. “वर काय करत होतास?”

वहिनींचा भाजी निवडणारा हात थांबला.

“झगा बघत होतो,” दादा म्हणाले. “मला तो दिसत नाही. माझ्याकडे राखाडी आहे.”

मुलगी हसायला लागली. तिचं ऐकून आक्का हसली, आणि आक्काचं हसू एकदा सुरू झालं की शिलाईच्या यंत्रासारखं, पाय उचलल्याशिवाय थांबत नाही. “इतके दिवस पोत्यात फिरतोय, आणि म्हणतो बरा आहे!” शेवटी दादाही हसले.

“पण आहे तरी कसला रंग?” त्यांनी विचारलं.

“शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा,” आक्का म्हणाली.

“छे, आत्या! ओल्या रस्त्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतं तसा.”

“पेट्रोल काय! रेशीम आहे ते.”

“मी फोटो पाठवते बाबा, तुम्हीच ठरवा.”

“नको,” दादा घाईने म्हणाले. “फोटो बघून कोणी गाडी पास करतं का?”

“मग ग्राफिक्स कार्ड घेते तुमच्यासाठी. ते बसवलं की सगळं दिसेल.”

“तेही नको. झगा मी कमावलाय. तो बघायचं सामानही मीच कमावणार.”

“घ्या,” वहिनी म्हणाल्या. “सुंभ जळला तरी पीळ जात नाही.”

पगार घरात जायचा. कार्डासाठी वरकड काम हवं होतं, आणि ते गॅरेजच्या दारात उभंच होतं. जत्रेच्या मैदानावर लाकडी घोड्यांची गोल फिरणारी चक्री होती. तिची मालकीण ते घोडे रंगवून घ्यायला आली होती. बाकीच्या रंगाऱ्यांनी हात वर केले होते. वर्षानुवर्षांच्या रंगांचे पापुद्रे, आयाळीचे वळसे, दातांच्या फटी. “गाडीला नाकपुड्या नसतात,” एक जण म्हणाला, “म्हणून मी गाड्या रंगवतो.”

दादांनी सगळा कळप अंगावर घेतला. मजुरी ठरली ती सगळे घोडे झाल्यावर, एकदम.

आता साडेचारचे साडेतीन झाले. यंत्राचा तिथे उपयोग नव्हता. जुना रंग खरवडायचा, पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून आयाळीतली एकेक खोबण घासायची, पुट्टी भरायची, वाळू द्यायची, परत घासायची. नखं झिजली. बोटांची कातडी इतकी गुळगुळीत झाली की शर्टाचं बटण निसटायला लागलं. गाड्या वेळेवर जातच होत्या. त्यात हयगय केली असती तर शेठ बोलले नसते, पण दादांना झोप लागली नसती.

मोसमाचा शेवटचा आठवडा लागला. शुक्रवारी घोडे झाले. शेवटच्या पांढऱ्या घोड्यावर शेवटचा हात बसला, आणि एक चिलट येऊन नेमकं त्याच्या मानेवर चिकटलं. काढायला गेलं तर ओरखडा उठला. मान आतल्या बाजूला वळलेली, तिकडे कोणाची नजर जाणार नव्हती. शेठ म्हणाले, “दादा, घोडा काही तक्रार करत नाही. बाई आज न्यायला तयार आहेत. पैसे घ्या आणि सुटा.”

दादा घोड्यासमोर उभे राहिले. रविवारी संध्याकाळी झगा पेटीत जाणार होता. मान घासून परत रंगवायची, वाळवायची, चकाकीसाठी बफ मारायचा, म्हणजे शनिवार जाणार. हातात रोख पैसे आणि समोर न दिसणारा ओरखडा. फार वेळ नाही लागला. त्यांनी पाण्याची बादली ओढली, पेपर भिजवला आणि मान घासायला घेतली.

“आता घोडं कुठे अडलं?” पत्रेवाला लांबून ओरडला. गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करणारा हा गडी दादांचा जुना दोस्त.

“मानेवर,” दादा म्हणाले.

रविवारी सकाळी मालकीणबाई आल्या. त्यांनी पांढऱ्या घोड्याच्या मानेवरून हात फिरवला, परत एकदा फिरवला, आणि मजुरी दादांच्या हातावर ठेवली. तिथून दादा तडक दुकानात. कार्ड घेतलं. त्याला वीज जास्त लागते म्हणून दुकानदाराने पॉवर सप्लायही मोठा दिला. घरी येऊन खोकं उघडलं तर नाकापेक्षा मोती जड. कार्ड लांब आणि कॉम्प्युटरचं कॅबिनेट जुनं, आखूड. आतली पत्र्याची चौकट आडवी येत होती.

मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, आता मोठं कॅबिनेट आणावं लागेल. आणि रविवारी दुपारनंतर दुकान बंद.”

दादांनी पत्रेवाल्याला हाक मारली. तो जेवणावरून उठून कात्री आणि कानस घेऊन आला. कॅबिनेट आडवं घालून बघितलं. “हा पत्रा? अहो, हा तर पापड आहे.” आतलं सगळं सामान आधी बाहेर काढायला लावलं, चौकट कापली, कड कानशीने मारली. दादांनी कडेवरून बोट फिरवलं. “इथे अजून लागतंय.” त्याने परत मारली. कार्ड चपखल बसलं.

संध्याकाळी तिघं किल्ल्यात आली तेव्हा मोसमाची शेवटची लढाई लागली होती. दादांनी या वेळी मुलगी सांगेल तसं एकेक बटण वर नेलं. पंखा ओरडला नाही. पडदा एकदा काळा झाला आणि उघडला.

दादांनी चष्मा काढून पुसला आणि परत चढवला.

“दिसला?” आक्का. “अरे, बोल की! कोण बरोबर? शिंपला ना?”

“थांब,” दादा म्हणाले. ते पडद्याच्या अगदी जवळ गेले, मग लांब झाले. गाडी पास करताना करतात तसं डोकं एका बाजूला कललं. आधी निळसर पांढरा. मग माणूस किंचित वळला, तशी खांद्यावरून गुलाबी छटा निसटत कमरेपर्यंत आली, घडीत शिरून हिरवी झाली, आणि टोकाशी परत पांढरी. त्यांनी असा रंग कधी मारला नव्हता. कसा मारला असेल तेही कळेना.

“तुम्ही दोघीही चुकताय,” ते म्हणाले. “निदान पाच हात दिलेत याला. एकही थेंब ओघळलेला नाही.”

मुलगी हसत होती, का रडत होती, हेडफोनमधून कळायला मार्ग नव्हता. किल्ल्याबाहेर शत्रू हाका मारत होते. आक्का म्हणाली, “मारू देत हाका. आज रंग बघायचाय.”

वहिनींनी भाजीचं ताट बाजूला ठेवलं आणि खुर्ची ओढून नवऱ्याला खेटून बसल्या. चष्मा नाकावर चढवला. बराच वेळ बघत राहिल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “जरा चालवा बघू त्याला. मागून कसा दिसतो?”

दादांनी माणसाला चालवलं, मागून दाखवला, वळवून पुढून दाखवला. लढाई संपेपर्यंत तो झगा किल्ल्याच्या अंगणात इकडून तिकडे फिरत राहिला, आणि नवरा-बायको एका पडद्यापुढे डोकी टेकवून तो बघत राहिली. घोड्यांच्या आयाळी घासून मिळालेल्या मजुरीत दादांनी ही एक संध्याकाळ घेतली. महाग पडली असं त्या घरात कोणी म्हणालं नाही.