मीटर संपल्यावरची तीन मिनिटं

अल्बन रिमर गेला तेव्हा इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या फ्लीटवुडच्या पेपरात चार ओळी आल्या. एकतीस वर्षं ट्राम चालवली, बायको विनिफ्रेड आधीच वारली, मूलबाळ नाही. आणि चौथी ओळ अशी, की ‘त्यांनी एक सिनेमाही काढला होता, त्याची डीव्हीडी अजून कुठे कुठे मिळते, पण चित्र इतकं काळोखं आहे की न पाहिलेली बरी.’ वाचून माझं डोकंच फिरलं. पेपर टेबलावर आपटला, चहा सांडला. लिहिणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं, खरा त्रास तोच होता. चित्र काळोखंच आहे. ते कुणामुळे, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक आहे. मी विल्फ कार्डवेल. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. चाळीस वर्षं या गावातला एकेक टीव्ही मी आतून पाहिला आहे. अल्बन माझा शाळेपासूनचा दोस्त. ट्राम चालवणाऱ्याला स्वतःहून कुठे वळताच येत नाही, रूळ नेतील तिकडे जायचं. त्याचा वचपा म्हणून की काय, कामावरून सुटला की हा माणूस प्रत्येक गोष्टीत आडवाटेला शिरायचा. लोक बाग करतात, हा म्हणाला, मी सिनेमा करतो.

आणि केला की! जुना कॅमेरा घेतला, सुट्ट्या जोडून जोडून तीन वर्षं खपला. गोष्ट साधी होती. मुलगा मासेमारीच्या बोटीवर गेलाय, बोटीचा पत्ता नाही, आई घरी वाट बघतेय. सिनेमाचं नाव ‘मंगळवारचे मासे’. नट सगळे गावातलेच. आवाजाचा माईक काठीला बांधून धरायला मी. आणि आईच्या कामाला त्याची बायको, विनी.

विनी मासे कापायच्या शेडमध्ये कामाला होती. ती ऐकेचना.

“मी कसली नटी? माझ्या हातांना हॅडक माशाचा वास येतो.”

“पडद्यावर वास येत नाही,” अल्बन म्हणाला.

“तुझ्या गोष्टीला येतो.”

तरी उभी राहिली. नवऱ्याच्या खुळापायी शनिवार-रविवार थंडीत कुडकुडली, वर सगळ्यांना चहा करून घातला. आणि काम काय केलंन बाईने! मी काठी धरून पुढ्यात उभा होतो म्हणून सांगतो.

त्यातला एकच प्रसंग इथे सांगायचा आहे. बोटीला दोन दिवस उशीर झालाय. स्वयंपाकघरातलं विजेचं मीटर संपतं. तेव्हा घराघरात ती मीटरं होती, पन्नास पेन्सचं नाणं टाका तेव्हा वीज मिळणार. अंधार होतो. ती चाचपडत गॅस पेटवते. त्या निळ्या जाळाच्या उजेडात पर्स बघते, डबे बघते, नाणं कुठेच नाही. मग दाराआड टांगलेल्या मुलाच्या जुन्या कोटाच्या खिशात हात घालते आणि तिथे एक नाणं सापडतं. ती हसते. नाणं मीटरमध्ये टाकत नाही. मुठीत धरून तशीच बसून राहते. तीन मिनिटं. बोलणं एक अक्षर नाही.

हे त्यांच्याच घरी घेतलं, फेब्रुवारीतल्या एका दुपारी, खिडक्यांना घोंगड्या लावून. उजेड नुसता गॅसचा.

मी म्हटलं, “अल्बन, कोपऱ्यात एक दिवा तरी लाव. नुसतं काळं फडकं दिसेल.”

“दिसेल ती.”

“अरे, मी टीव्हीवाला आहे!”

“म्हणून तर काठी धरायला दिलीय.”

आणि दिसलं. गावच्या हॉलमध्ये पडदा लावून दाखवला तेव्हा शेडमधल्या सगळ्या बायका आल्या होत्या. तो प्रसंग आला आणि कुणी खोकलंसुद्धा नाही. विनीचं ते हसू! नुसतं रडणं जमतं हो कुणालाही. अल्बन माझ्याकडे वळून बघत होता, बघ, दिसतंय का नाही. मी त्याला म्हटलं, गप पुढे बघ.

सिनेमा एकदा टीव्हीवर लागला, कुठल्याशा गावी एक बक्षीस मिळालं, आणि संपलं. अल्बन पुन्हा ट्रामवर. मग दोन हजार एक साली विनी आजारी पडली. पुढच्या खोलीत तिचा पलंग आणला, समोर टीव्ही. मी रोज दुकान बंद करून जायचो. तिची नजर जात चालली होती, पण नवऱ्याला सांगायची नाही. एक दिवस त्याला दूध आणायला पिटाळलंन आणि मला म्हणाली,

“विल्फ्या, या टीव्हीत हल्ली संध्याकाळ लवकर होते रे.”

मला कळलं. मी टीव्हीचं मागचं झाकण काढलं. आत एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की सगळंच चित्र उजळतं, काळ्यातलंसुद्धा दिसायला लागतं. गिऱ्हाइकाने त्याला हात लावायचा नसतो. मी चांगला दीड वळसा फिरवला.

“पिक्चर ट्यूब लवकर जाईल हां अशानं,” मी म्हटलं.

“मी तिच्याआधी जाते. लाव पैज. आणि त्याला सांगू नकोस, उगीच तोंड पाडून बसेल.”

सांगितलं नाही. पैज ती जिंकली, ऑगस्टात. त्या गडबडीत फिल्म धुणाऱ्या लंडनच्या लॅबचं पत्र आलं होतं, आम्ही बंद होतोय, तुमच्या सिनेमाची मूळ रिळं महिन्याभरात घेऊन जा. पाकीट हॉस्पिटलच्या कागदांत गेलं. अल्बनने ते उघडलं डिसेंबरात, तेव्हा रिळं कचऱ्यात गेलेली होती. तो स्क्रू मात्र मी परत फिरवला नाही. आधी तिच्या मागे लगेच फिरवायला हात धजला नाही, नंतर विसरलो. खरंच विसरलो.

तीन वर्षांनी लंडनच्या एका छोट्या कंपनीने कळवलं की टीव्हीवर दाखवलेली टेप आमच्याकडे आहे, तिच्यावरून डीव्हीडी काढतो. अल्बन पार बदलला. दाढी करायला लागला. नमुन्याची डीव्हीडी आली, सोबत फॉर्म. दोन वेगवेगळ्या टीव्हींवर नीट पाहा, दोघांनी सह्या करा, मगच हजार प्रती छापू. अल्बनने घरी पाहिली, सही केली आणि शनिवारी दुपारी माझ्या दुकानात आला.

“विल्फ, तुझ्या दुकानातल्या टीव्हीवर लाव जरा. निदान मीटरचा प्रसंग.”

रेडिओवर मॅच चालू होती. काउंटरवर तीन गिऱ्हाइकं. त्यात त्याने तो फॉर्म पुढे धरला, ‘दोन वेगवेगळ्या टीव्हींवर’. मला झोंबलं. लंडनची मंडळी मला टीव्ही शिकवणार!

“तुझ्या घरी कसं दिसलं?”

“झकास. तिच्या गालावरचा निळा उजेडसुद्धा दिसतो.”

“मग झालं. तुझा टीव्ही कुणाच्या हातचा आहे? माझ्या. त्यावर दिसलं म्हणजे दिसलं. आण इकडे पेन.”

“अरे पण एकदा बघ तरी—”

“तू काय लंडनचा झालास का रे?”

गिऱ्हाइकं हसली. अल्बनही हसला. मी सही ठोकली. तेवढ्यात रेडिओवर गोल झाला, आणि मी आवाज मोठा केला.

डीव्हीडी आल्या त्या रविवारी मासेमारांच्या क्लबात सगळ्यांना बोलावलं. भिंतीवर क्लबाचा नवा चपटा टीव्ही. सँडविच, लोणच्यातले कांदे, चहाची भली मोठी किटली. विनीच्या शेडमधल्या, आता म्हाताऱ्या झालेल्या बायका नटूनथटून पुढच्या रांगेत. अल्बनच्या गळ्यात टाय. सुरुवातीपासूनच चित्र मला जरा कोंदट वाटत होतं. समुद्रावरच्या धुक्यात चौकोन चौकोन पडत होते. मी मनात म्हटलं, टीव्ही स्वस्तातला आहे.

मग मीटर संपलं. खट्ट आवाज झाला आणि पडदा काळा. काळा म्हणजे ठार काळा. गॅसची फुस्स ऐकू आली. डब्यांची झाकणं ऐकू आली. विनी कुठेच नाही. मागून कुणीतरी ओरडलं, “विल्फ, ऊठ! तुझंच काम आहे, बघ काय झालं ते.” सगळे हसत माझ्याकडे बघायला लागले. मी उठलो, रिमोट घेतला, उजेड वाढवला. काळ्याची राखाडी लापशी झाली, बस्स. डीव्हीडीवर विनी इतकी काळ्यात बुडाली होती, की रिमोटच्या उजेडाने वर येईना. आणि रिमोट दाबता दाबता माझ्या बोटांना तो स्क्रू आठवला. दीड वळसा. तेवढ्यात काळ्या पडद्यातून विनी हसली. नुसता आवाज.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “दिसत का नाही गं ती?”

अल्बन उभा राहिला, सगळ्यांकडे बघून म्हणाला, “माझ्या घरी दिसते हो. अगदी स्पष्ट दिसते. विल्फ, सांग ना यांना.”

मी म्हटलं, “क्लबाचा टीव्ही भिकार आहे.”

असं म्हटलं मी. सगळ्यांसमोर.

मग तक्रारी आल्या. कुठल्याशा मासिकात दोन ओळी आल्या, सर्वांत चांगला प्रसंग फक्त ऐकू येतो म्हणून. अल्बनने कंपनीला पत्र लिहिलं. त्यांनी फॉर्मची नक्कल पाठवली, खाली दोन सह्या. वर्षभरात ती कंपनीही गुंडाळली, टेप कुठे गेली कुणाला पत्ता नाही. अल्बन मला त्या सहीबद्दल चकार शब्द बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो लोकांना घरी बोलवायला लागला. या, माझ्याकडे दिसते. दर रविवारी जेवण झालं की लावायचा. त्या एका टीव्हीवर विनी दिसायची, जगात दुसरीकडे कुठे नाही.

मी तो टीव्ही सात वर्षं जिवंत ठेवला. गावाने जुने टीव्ही फुटपाथवर काढून टाकले तेव्हा मी हातगाडी घेऊन फिरलो, सुटे भाग गोळा केले. लोक म्हणाले, विल्फ भंगारवाला झाला. अल्बन म्हणायचा, “तुझ्यासारखा दोस्त नाही.” दर वेळी हे म्हणायचा. मला ते वाक्य ऐकवत नसे.

दोन हजार अकराच्या हिवाळ्यात ट्यूब गेली. टीव्ही दुकानात आणला, मागचं झाकण काढलं. अल्बन स्टुलावर बसला होता, मांडीवर टोपी. माझा हात त्या स्क्रूपर्यंत गेला आणि मी थांबलो. म्हटलं, आता पुरे. सगळं सांगितलं. दूध आणायला पाठवलं तो दिवस, संध्याकाळ लवकर होते म्हणाली ते, दीड वळसा. तुझा टीव्ही खोटं दाखवत होता, अल्बन, आणि तो खोटा मी केला होता.

त्याने टोपी उलटी करून पुन्हा मांडीवर ठेवली.

“म्हणजे तिला दिसत नव्हतं. मला बोलली नाही.”

“तू तोंड पाडशील म्हणाली.”

“पाडलंच असतं.” मग म्हणाला, “स्क्रूचं सोड. तिच्यासाठी फिरवलास, मीही फिरवला असता. पण त्या शनिवारी मी नमुना घेऊन तुझ्या दारात आलो होतो, विल्फ. तीन मिनिटांचा प्रसंग होता. तीन मिनिटं नव्हती तुझ्याकडे?”

मॅच होती म्हणू? तो उठला, टोपी घातली आणि टीव्ही तिथेच सोडून गेला.

सात आठवडे आला नाही. रस्त्यात दिसलो तर पलीकडच्या फुटपाथवर जायचा. मी दुकान काढून टाकलं त्याच सुमारास. सांगायचं कारण सांधेदुखी. मग एका रविवारी फोन आला. “जेवण झालं असेल तर ये.”

गेलो. त्याच्या भाचीने नवा चपटा टीव्ही दिला होता. चहा झाला. त्याने डीव्हीडी लावली, पुढे पुढे नेत मीटरपाशी आणली. मी म्हटलं, “अल्बन, नको रे. काही दिसत नाही त्यात.”

“तुला माहीत आहे काय आहे ते. काठी धरून पुढ्यात उभा होतास. बस.”

खट्ट झालं. पडदा काळा. मी खिडकीकडे बघायला लागलो.

“इकडे,” तो म्हणाला. “आता तरी बघ.”

मी त्या काळ्या काचेकडे बघितलं. तिच्यात आम्ही दोन म्हातारे दिसत होतो. फुस्स झालं. अल्बन हळू आवाजात म्हणाला, गॅस लावला. मग म्हणाला, डबे. मग तो थांबला, म्हणून पुढचं मी म्हटलं, आता कोटाकडे चाललीय. तो म्हणाला, हो. मी म्हटलं, हात खिशात. विनी हसली. मी मान वळवली नाही. पूर्ण तीन मिनिटं बघितलं.

तो प्रसंग संपला, पडद्यावर उजेड आला. अल्बनने रिमोट उचलला, प्रसंग पहिल्यापासून लावला आणि म्हणाला, “परत.”