भीतीची शिकवणी

सविताताईला पगार मिळायचा तो पाखरांना घाबरवण्याचा.

कर्जतकडच्या एका माळावर माळढोकाची पिल्लं वाढवून मोकळी सोडणारं केंद्र आहे. मी तिथं माहितीपत्रकं लिहायला गेले आणि तिची मैत्रीण झाले. पिल्लांना माणसाचा लळा लागला तर ती बाहेर जगत नाहीत. म्हणून भरवताना सविताताई राखाडी झगा घालायची. तोंड झाकलेलं, हातात माळढोकाचं कापडी डोकं. अवाक्षर काढायचं नाही. पिल्लं मोठी झाली की शिकवणी. तेव्हा तीच साध्या साडीत, दोरीला कुत्रं घेऊन कुंपणात शिरायची. भोंग्यातून मादीची धोक्याची हाक वाजायची. पिल्लांनी पळून गवतात दडायचं.

"नवऱ्याला कधी घाबरवलं न्हाई," ती हसायची, "आन पाखरांची सासू झाले."

त्या सकाळी अनन्यामॅडम आणि मी खोलीत पडद्यावर शिकवणी बघत होतो. मॅडम पक्ष्यांच्या वागण्याचा अभ्यास करतात. हाक वाजली. पिल्लं पांगली. एक थांबलं. मान उंच करून सविताताईकडे चालू लागलं. कुत्रं दोरी ताणत होतं. पिल्लू येतच राहिलं.

तिनं कुत्र्याला मागं ओढलं. बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"बांगड्या," ती म्हणाली.

भरवताना बांगड्या काढायचा नियम होता. तिचा नवरा ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेलेला. तो लांब असताना हात मोकळे ठेवणं तिच्यानं होईना. तिनं वरून चिंधी गुंडाळली होती. "म्हटलं, पाखराला काय कळतंय काचंचं?"

त्याला तेवढंच कळलं होतं. चिंधीआडून किणकिण झाली की खायला मिळतं.

माळाला लागून हरभऱ्याची रानं आहेत. तिथं बायका खुरपायला येतात. हातात बांगड्या, मागं कुत्री.

"असंच राहिलं तर याला सोडता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "जन्मभर पिंजरा."

"मंग मीच भ्या लावते त्याला."

ती बांगड्या वाजवत शिरायची. ते धावत यायचं. जवळ आलं की भोंगा वाजायचा आणि ती झडप घालून त्याला जमिनीशी दाबायची. ते ओरडायचं. ते ओरडणं मला लिहिता येत नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा धावत यायचं. तिच्या मनगटांवर ओरखडे उठले. मग एकदा ते अर्ध्या वाटेत थांबलं. पुढं पुढं दडू लागलं.

सगळ्यांबरोबर त्यालाही सोडलं. सविताताईला जेवण जाईना. "इसरलं तर?" एवढंच विचारायची.

एका दुपारी त्याच्या पाठीवरच्या यंत्रानं ते हरभऱ्यापाशी असल्याचं दाखवलं. आम्ही धावलो. बायका ओळीनं खुरपत होत्या. बांधावर कुत्रं निजलं होतं. गवताच्या कडेला आमचं पिल्लू उभं होतं, मान उंच करून.

"वरडू का?"

"नको," मॅडम कुजबुजल्या. "त्याचं त्याला कळू दे."

त्यानं एक पाऊल पुढं टाकलं. एका बाईनं घाम पुसायला हात उचलला. बांगड्या वाजल्या. ते खाली दबलं. मग वळून धावत सुटलं. कुत्रं उठून भुंकत मागं लागलं.

"पळ मुडद्या, पळ!" सविताताई किंचाळली.

त्यानं पंख उघडले. कुत्र्याच्या पुढ्यातून ते वर उठलं.

"कुनाला गं शिव्या देती?" एका बाईनं हाक मारली.

सविताताई वर बघत होती. तिनं माझा दंड घट्ट धरला होता. ते दिसेनासं झालं तरी तिनं तो सोडला नाही.