बेचाळीस दिवसांचं बोट

गोकुळदासकाकांचं बोट तुषारने ओढलं, आणि वर "बसलं!" असं जाहीरही करून टाकलं. मैदानभर टाळ्या पडल्या.

जुलैतल्या उघडिपीचा रविवार. गोव्यातल्या चोपड्यात लग्न झालेले विरुद्ध न झालेले असा टेनिसबॉलचा सामना चालला होता. सत्तावन्न वर्षांचे काका यष्टीमागे. तुषारचाच चेंडू त्यांच्या उजव्या तर्जनीच्या टोकावर आदळला आणि टोकाचं पेर मान टाकल्यासारखं खाली आलं. तुषार मोपाच्या विमानतळावर सामान चढवतो. हाडवैद्यकी त्याने मोबाइलवर बघून घेतलेली. त्याने ओढलं, कट्ट झालं, टाळ्या झाल्या. पेर मात्र खालीच बघत राहिलं. पुढे आठ दिवस खोबरेल चोळून ओढणंही झालं.

हे बोट साधं नव्हतं. तीस वर्षं बसवर कंडक्टरकी केली तरी गाव काकांना ओळखतो तो गणपतींसाठी. साठेक घरं आपापले पाट आणून त्यांच्या पडवीत ठेवतात. माती कोणीही मळेल, रंग पोरंही देतील. डोळे मात्र काकांनीच लिहायचे, याच बोटाने कुंचला दाबून. बिनडोळ्यांचा गणपती कोण घरी नेणार?

शेवटी तुषारनेच त्यांना स्कूटरवर घालून पेडण्याला गौरवीकडे नेलं. गौरवी फिजिओथेरपिस्ट. पाटीवर खेळाडूंचे गुडघे-खांदे, पण बाकावर गर्दी नारळ खवून अंगठा धरलेल्या बायकांची.

"हे ओढलं कोणी?"

काकांनी तुषारकडे बघितलं. तुषारने कोपऱ्यातल्या सांगाड्याकडे.

"सांधा निखळलाच नव्हता, मग बसवलं काय? काका, पेर वर उचलणारी दोरी तुटलीय आतली. तुटलेली दोरी ओढून जुळते?"

काका डोळे लिहितात हे कळल्यावर तिने प्लॅस्टिकची कडक पट्टी बोटाच्या वरच्या बाजूने बांधली, म्हणजे खालची बाजू कुंचल्याला मोकळी. "बेचाळीस दिवस. झोपेतसुद्धा. चिकटपट्टी बदलताना बोट सपाट ठेवायचं. एकदा वाकलं की मोजणी परत एकपासून."

"गो बाय, ह्यापेक्षा उपास सोपे!"

रोज ड्युटीआधी तुषार चिकटपट्टी बदलायला हजर. पाटावर बोट सपाट, काका श्वास रोखून. तेविसाव्या दिवशी मात्र तो नेमका जेवणाच्या वेळी टपकला. काका पाची बोटांनी मुगागाठी-भात कालवत होते आणि पट्टी ताटाशेजारी शहाण्यासारखी बसली होती.

"काका, ही खाली कशी?"

"जेवताना काढतो मरे. धा मिनटांचा प्रश्न."

"रोज?"

"दोन्ही वेळा. मग काय, उष्टी पट्टी घेऊन गणपतीला हात लावू?"

तुषारने जागच्या जागी फोन लावला. पलीकडून गौरवी म्हणाली, "तेवीस नव्हे काका, शून्य."

चतुर्थीला वीस दिवस होते. काकांचा घास हातातच राहिला. "लोकांना सांग रे तुषारा, पाट परत न्या म्हणून."

"कोणी काही न्यायचं नाही," फोनमधून आवाज आला. "आजपासून चमच्याने जेवा. आणि पट्टीसकट डोळे लिहायला शिका, ती वरून उगीच बांधली नाही मी."

सरावाला तुषारने गोणभर करवंट्या आणल्या. पहिल्या करवंटीचा एक डोळा मांद्र्याकडे, दुसरा मोपाकडे. "हा बघ, तुझाच फोटो," काका म्हणाले. आठवड्याभरात पडवीच्या कठड्यावर शंभरेक करवंट्या येणाऱ्याजाणाऱ्याकडे रोखून बघायला लागल्या. पोदेर पाव देऊन मागे न बघता सटके. विसाव्या करवंटीला तिरळेपणा कमी झाला, साठावीला गेला, नव्वदावीला नजरेत माया आली.

चतुर्थीच्या आदल्या दुपारी शेवटच्या गणपतीने डोळे उघडले. पाट सगळे गेले, पण भरून.

पुढे बेचाळीस खरेच भरले. पट्टी सुटली, पेर वर आलं, केसभर वाकडं.

"एवढं राहणारच," गौरवी म्हणाली. "काका, तुम्ही सुटलात. तुषार, तू नाही."

"मी कित्याक?"

"ओढल्याबद्दल. चोपड्याच्या शिंपल्या, तिसऱ्या, टोपलीभर. विकतच्या चालणार नाहीत, स्वतः नदीत उतरून काढलेल्या."

तुषारने छातीवर हात ठेवून कबूल केलं. आता दिवाळी तोंडावर आलीय, आणि ओहोटीची वेळ न् त्याची ड्युटी, म्हणे, अजून काही जमत नाही.