मेव्हण्याचं गॅरेज

सर्बियातल्या पाराचिन गावात कुणाची गाडी घरघरायला लागली, की लोक वेलिझारकडे जात. तीस वर्षं तो सायलेन्सरचंच काम करत आला होता. गाडी फाटकातून आत येतानाच तो आवाजावरून सांगायचा, पाइप कुठं फुटलाय आणि कुठला जोड सैल झालाय. क्वचितच चुकायचा. त्याचं वेल्डिंग असं, की डोळे मिटून बोट फिरवलं तर जोड कुठं आहे ते कळू नये. अठ्ठावन्न वर्षांचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. गावात आपल्या तोडीचा दुसरा नाही हे त्याला ठाऊक होतं, त्यामुळं कुणाचा हेवा करायची वेळच त्याच्यावर कधी आली नव्हती.

ती वेळ द्राश्कोनं आणली. द्राश्को म्हणजे त्याच्या बायकोचा, रोसांदाचा, धाकटा भाऊ. बावीस वर्षं जर्मनीत गाड्या दुरुस्त करून तो गावी परतला आणि गॅरेजला जागा घेतली ती नेमकी वेलिझारच्या समोर, रस्त्याच्या पलीकडं. पांढऱ्या फरश्या, दोन लिफ्ट, आणि वायर जोडली की गाडीचं दुखणं पडद्यावर लिहून दाखवणारं यंत्र.

"दाजी, आपल्यात स्पर्धा नाही हं," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "सायलेन्सर तुमचे, इंजिनं माझी."

वेलिझार हसला खरा, पण त्या दिवसापासून त्याची नजर हातातल्या कामापेक्षा रस्त्यापलीकडं जास्त राहू लागली. समोर कुणाची गाडी शिरली, किती वेळ थांबली, मालक हसत बाहेर पडला की तोंड पाडून, सगळं त्याला पाठ. द्राश्कोकडं लांब वायरला लावलेला बोटाएवढा कॅमेरा आहे असं कळलं, तेव्हा यानंही गुपचूप तसाच एक मागवला आणि पान्यांच्या खाली खणात ठेवून दिला.

घरीही तेच. शनिवारी रोसांदा चीज भरलेला पापुद्र्यांचा बुरेक भाजायची, आणि भट्टीतून निघालेला पहिला तवा फडक्यात गुंडाळून थेट भावाकडं न्यायची.

"भावाला गरम, आणि नवऱ्याला निवलेला?" वेलिझार म्हणाला.

"अरे वेल्या, बावीस वर्षं तो फ्रीजमधलं खाऊन राहिला. तुझ्या पोटात का दुखतंय?"

पोटात दुखत होतंच.

अशात देसान्का आली. ती जनावरांची डॉक्टर. डोंगराकडच्या वाड्यांवर जायला तिनं पेट्रोलवरची मोठी एसयूव्ही घेतली होती. आठ महिन्यांपूर्वी त्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वेलिझारनंच बदलला होता. इंजिनाजवळ, सायलेन्सरच्या वाटेवर बसणारा तो लोखंडी डबा. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी, जाळीवर प्लॅटिनमसारख्या महागड्या धातूंचा पातळ थर. इंजिनाचा विषारी धूर त्यातून जाताना निवळतो. आता तो नवा डबाही खडे भरलेल्या पत्र्याच्या डब्यासारखा वाजत होता. गाडी चढाला दम टाकत होती आणि समोरचा पिवळा दिवा विझत नव्हता.

"मालच खराब निघाला," वेलिझार म्हणाला. "दुसरा मागवतो."

"म्हणजे आठ महिन्यांनी मी परत येऊ?" देसान्कानं विचारलं, आणि गाडी वळवून ती सरळ रस्ता ओलांडून समोर गेली.

अर्ध्या तासानं द्राश्कोनं दारातून हाक मारली, "दाजी, या की जरा! बघण्यासारखं आहे."

वेलिझार खिशात हात घालून गेला. देसान्का तिथंच उभी होती.

"कन्व्हर्टर असा आपणहून मरत नाही, दाजी," द्राश्को म्हणाला. "त्याला कुणीतरी मारतं. ही तिसऱ्या सिलेंडरची कॉइल. सपाटीला ठीक चालते, चढ लागला की ठिणगीच पडत नाही. मग न जळलेलं पेट्रोल तसंच खाली जातं, कन्व्हर्टरमध्ये पेट घेतं आणि जाळी वितळून तिचे तुकडे पडतात. तुम्ही डबा बदललात, मारेकरी मात्र जागच्या जागी राहिला." मग तो देसान्काकडं वळला. "आधी कॉइल आणि प्लग बदलू, मग कन्व्हर्टर. पुढं कधी दिवा लुकलुकायला लागला, तर गाडी दामटू नका, बाजूला घ्या. आणि तुमचं सारखं या वाडीहून त्या वाडीला असतं, तेवढ्यात डबा धूर निवळण्याइतका तापतच नाही. आठवड्यातून एकदा हायवेवर अर्धा तास पळवून आणा."

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. असती तर वेलिझारला बरं वाटलं असतं. तीस वर्षांत आपण किती डबे बदलले आणि कितींचा मारेकरी शोधला, हा प्रश्न घेऊन तो परत आला. रागावायला कुणी सापडेना, म्हणून द्राश्कोवरच रागावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराजवळच्या काफानात, म्हणजे गावच्या खानावळीत, कॉफी पिता पिता, कुणी विचारलेलं नसताना तो बोलून गेला, "जुन्या कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनमचं काय होतं, विचारा की आमच्या मेव्हण्याला. नवे बसवतो ते तरी आतून भरलेले असतात की पोकळ, कोण बघायला जातंय?"

एवढंच. तेवढं पुरलं. दोन आठवड्यांत समोरची एक लिफ्ट रिकामी राहू लागली. पहिले दोन दिवस वेलिझार शीळ घालत काम करत होता. तिसऱ्या दिवशी जेवताना रोसांदानं चमचा खाली ठेवला.

"कुणीतरी द्राश्कोला चोर म्हणत सुटलंय. जर्मनीतच राहिलो असतो तर बरं, असं म्हणाला आज. कोण असेल रे?"

वेलिझार सूप पीत राहिला.

पुढच्या सोमवारी देसान्काची गाडी त्याच्याच दारात उभी राहिली. ती म्हणाली, "उस्ताद, गावात नाही नाही ते कानावर येतंय. तुम्ही मला एकदा गाडी अर्धवट दुरुस्त करून दिलीत, पण खोटं कधी बोलला नाहीत. आत बघून सांगा, द्राश्कोनं बसवलेला डबा भरलेला आहे की रिकामा."

त्यानं गाडी लिफ्टवर घेतली. कन्व्हर्टरच्या पुढचा सेन्सर सोडवला, खणातून तो कॅमेरा काढला आणि त्या भोकातून वायर आत सोडली. तळहाताएवढ्या पडद्यावर जाळी दिसली. एकसारखी, करडी, एकही घर तुटलेलं नाही. तिसऱ्या सिलेंडरवर नवीकोरी कॉइल बसलेली होती. काम चोख होतं.

पडदा फक्त त्यालाच दिसत होता. 'अर्धा रिकामा आहे' एवढे तीन शब्द पुरले असते. द्राश्को पुन्हा कधी या गावात उभा राहिला नसता, रस्त्यापलीकडं कुलूप लागलं असतं. वेलिझारनं ते कुलूप डोळ्यांसमोर आणून पाहिलं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडलंही. मग वर पाहिलं. देसान्का पर्स छातीशी धरून त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"भरलेला आहे," तो म्हणाला. "उत्तम आहे. वेल्डिंग मात्र भिकार केलंय त्यानं."

"मग हे उठवलं कुणी?"

वेलिझारनं पडदा तिच्याकडं फिरवला. "मी."

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "जिथं बोललात तिथं जा."

तो तसाच, काळ्या हातांनी, काफानात गेला. तिथं बसलेल्या सहा-सात जणांसमोर उभा राहून म्हणाला की द्राश्कोबद्दल आपण बोललो ते धादांत खोटं होतं. कुणीतरी हसलं. बाकीचे कपात बघू लागले. तिथून निघून त्यानं रस्ता ओलांडला.

द्राश्को एका गाडीखाली उभा होता. वेलिझारनं सांगितलं ते त्यानं सगळं ऐकून घेतलं. पाना हातातच होता.

"मी तुमचं काय बिघडवलं होतं, दाजी?"

"काही नाही," वेलिझार म्हणाला. "तेच तर."

द्राश्को पाठ फिरवून कामाला लागला.

रोसांदा महिनाभर नवऱ्याशी कामापुरतंच बोलली. ऑक्टोबरच्या शेवटी संत लुकाचा दिवस आला, तिच्या माहेरचा स्लावा. घराण्याच्या संताच्या या सणाला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो. "मी निघाले," रोसांदा कोट चढवत म्हणाली. "तुझं तू बघ."

वेलिझार तासाभरानं मेव्हण्याच्या घरी गेला. दार द्राश्कोनंच उघडलं. आतून पाहुण्यांचा गलबला येत होता. द्राश्को उंबऱ्यात तसाच उभा राहिला, इतका वेळ, की वेलिझारनं परत वळायला पाऊल उचललं. मग द्राश्कोनं मागच्या टेबलावरचा शिजवलेल्या गोड गव्हाचा, सणाला आलेल्या पाहुण्याला सगळ्यांत आधी द्यायचा वाडगा घेतला आणि चमचा त्याच्या पुढं केला.

"घ्या. सूप गार होतंय."

दोन आठवड्यांनी द्राश्को खांद्यावर पाइप टाकून रस्ता ओलांडून आला. "माझं वेल्डिंग भिकार आहे म्हणे. मग हे जोडा."

वेलिझारनं जोडलं. तेव्हापासून सगळे जोड इकडं येतात, आणि दिवा लागलेली गाडी दारात आली, की वेलिझार बोट करून तिला समोर पाठवतो. कधी कधी मालकाबरोबर स्वतःही जातो आणि यंत्राच्या पडद्यावर काय उमटतं ते वाचायला शिकतो. द्राश्को न कंटाळता शिकवतो, आणि त्याचा तो धीर बघूनही वेलिझारला आत कुठंतरी बोचतं. परवा एका गाडीचा आवाज ऐकून वेलिझार वायर जोडण्याआधीच म्हणाला, "दुसऱ्या सिलेंडरचा प्लग." यंत्रानंही तेच सांगितलं. त्या दिवशी त्यानं ही गोष्ट रोसांदाला तीनदा सांगितली, आणि तिसऱ्यांदा ती हसली.