वाघोबाची डहाळी

वैनगंगेकाठच्या मार्कंड्याला दर्शनासाठी निघालो त्या सकाळी देवापेक्षा माझं लक्ष स्वतःच्या हातांकडेच जास्त होतं. स्टिअरिंगवर ते थरथरत होते आणि शेजारी बसलेल्या मुलीला ते दिसू नयेत म्हणून मी उगाच गिअर बदलत होतो.

आईचा हट्ट होता, "एकदा जुन्यासारखं जाऊ." जुन्यासारखं म्हणजे परीक्षा संपल्या की बाबांच्या जीपमधून, पुढे पाण्याची छागल लटकवून, मागे स्टोव्ह, सतरंजी आणि आम्ही पाच-सहा पोरं कोंबून. बाबा दर्शन होईपर्यंत अन्नाचा कण घेत नसत. मीही तसाच निघालो. फरक एवढाच की मी सकाळी इन्सुलिन टोचून घेतलं होतं. उपाशीपोटी घेऊन गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरच्यांचा मात्र मला अजून गोळ्याच चालू आहेत असा समज होता. मुलगी दोनदा म्हणाली, "मी चालवू?" मी तिच्यावर खेकसलो. आई आणि मुलगी गाडीत असताना मी अशा अवस्थेत गाडी चालवली. आज लिहितानाही लाज वाटते.

पोंभुर्ण्याच्या पुढे जंगल लागलं. रस्त्याकडेला वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे. बाबा तिथे थांबून एकटेच उतरत, डहाळी वाहत आणि मगच पुढे जात. मी थांबणार नव्हतो. उतरलो तर पाय लटपटतील, ही भीती. तेवढ्यात मोहफुलांची टोपली घेतलेली एक बाई हात वर करून रस्त्यातच उभी राहिली. ब्रेक दाबावाच लागला.

"काऊन भाऊ, डहाळी न ठेवताच चालले? वाघोबाहून मोठे झाले का?"

मागून आई म्हणाली, "हेच तर म्हणून राह्यली मी कवाची! आयकते कोण?"

उतरलो. डहाळी मोडली, दगडापुढे वाकलो आणि डोळ्यांपुढे अंधार आला. बाईने दंडाला धरून बसवलं. "पोटात काही हाय का नाई?" म्हणत तिने ओंजळभर ताजी मोहफुलं पुढे केली. मी पुटपुटलो, "उपास आहे."

"खाय रे," आई गाडीतूनच ओरडली. "तुझे बाबा बी इथीच खात. दगडामागं लपून. पोरांले सांगू नको म्हणत."

ती गोड, ओलसर फुलं चावताना मी रडलो. हळूहळू झाडं जागेवर आली. मुलीला सगळं सांगितलं. तिने नुसता हात पुढे केला. मी त्यावर किल्ली ठेवली.

त्या बाईला कुणी पाठवलं, याचा मी शोध घेतला नाही. डहाळीसाठी ती रोजच कुणाला तरी अडवत असेल. त्या दिवशी तिने मला अडवलं, एवढं मला पुरे आहे. आता उपास धरण्याआधी मी घरात सांगतो आणि घरचे नको म्हणाले तर धरत नाही.

पुढचा रस्ता मी मागच्या सीटवर आईजवळ बसून पाहिला. वैनगंगा दिसली तेव्हा आईने पदराची गाठ सोडून त्या ओंजळीतली उरलेली चार मोहफुलं माझ्या हातावर ठेवली, आणि मी ती सगळ्यांसमोर खाल्ली.